स्टोअरची भिंत

शिवयोगी नव्या खुर्चीत बसायला तयार नव्हता.

"हिचे पाय बघ की अण्णा," तो थोरल्या भावाला म्हणाला. "वर अंगठ्याएवढे, खाली करंगळीएवढे. तेही फाकलेले. ही माझ्या मापाची नाही."

"बस रे. मी रोज बसतो," मडिवाळप्पा म्हणाले. "अस्सल सागवान आहे. सूनबाईनं समोर उभं राहून करून घेतलंय. त्या पद्धतीला काय म्हणतात गं, सोनाली?"

"मिड-सेंच्युरी मॉडर्न, अप्पा. म्हणजे पन्नास-साठ सालातली पद्धत. बुटकं फर्निचर, सरळ रेषा, सामान कमी आणि जे असेल ते कामाचं."

"पन्नास-साठ सालातला माल तर आम्ही तिघं हितं बसलोय की," शिवयोगी म्हणाला. "अक्का बावन्नची, अण्णा पंचावन्नचा, मी एकसष्टचा. आम्हाला कुणी पॉलिश मारलं नाही."

सगळे हसले. स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसून लसूण सोलणाऱ्या सुगलाबाईही हसल्या. धाकटा भाऊ बार्शीहून आला की घरात आवाज येतो, असं त्यांना नेहमी वाटे. बार्शीच्या बाजारात त्याची धान्याची आडत होती, आणि दिवसभर लिलावात ओरडून ओरडून त्याला हळू बोलायची सवयच राहिली नव्हती. आज तो नवं घर बघायला आला होता. विजापूर रोडवरचं हे घर मडिवाळप्पांनी बांधलं त्याला चाळीस वर्षं झाली. आता त्यांच्या सुनेनं, विरेशच्या बायकोनं, ते आतून सगळं बदललं होतं. सोनाली पुण्यात इंटिरियरचं शिकली होती, आणि हे तिचं पहिलं पुरं काम. बुधवारी एका मासिकाचे लोक फोटो काढायला यायचे होते.

सुगलाबाईंनी हॉलकडे पाहिलं. भिंतीला लागून लांबलचक बुटकं कपाट, वर एकच मातीचं भांडं. मोहरीच्या रंगाच्या गाद्या. छताला पितळी दांड्यांचा दिवा, प्रत्येक दांडीच्या टोकाला पांढरा गोळा. त्यांना हे सगळं आवडलं होतं. पूर्वी खिडकीपुढे दोन लोखंडी कपाटं होती, ती गेल्यापासून सकाळचं ऊन थेट आत फरशीवर येऊन बसायचं. पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनीही सांगितलं नव्हतं.

"आता काका, बाथरूम बघा," सोनाली म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलीचा आनंद होता. "तिथं खरं काम झालंय."

शिवयोगी गेला. मागून मडिवाळप्पा, विरेश, आणि पदराला हात पुसत मडिवाळप्पांची बायको महानंदाही गेली. स्वतःच्या घरातलं बाथरूम महानंदा रोज नव्यानं बघत असे. सुगलाबाई उठल्या नाहीत. तिकडून त्यांना बोलणं ऐकू येत होतं. मोरपंखी रंगाच्या बोटभर टाइल्स, खाली मोझॅकची फरशी, सागवानी फळीवर बेसिन, गोल आरसा. पूर्वी न्हाणी वेगळी आणि संडास वेगळा होता, मधली भिंत काढून दोन्ही एक केलं होतं.

"आणि हे कमोड असं अधांतरीच?" शिवयोगीचा आवाज आला. "खाली पायच नाही याला."

"भिंतीला टांगलेलं आहे, काका. टाकीपण भिंतीच्या आत."

"काय करायचं चांदसाब, आमच्यासारख्या माणसानं?"

"बिनधास्त बसा शिवाअण्णा," चांदसाब मिस्त्री म्हणाला. बेसिनजवळची एक टाइल पोकळ वाजत होती, ती बदलायला तो सकाळपासून आला होता. "मी लटकून बघितलंय. आत लोखंडी फ्रेम हाय."

पुन्हा हशा. सुगलाबाईंनी लसणाची नवी गड्डी घेतली.

चाळीस वर्षांपूर्वी या घराच्या फरश्या बसवताना चांदसाब आपल्या बापाच्या हाताखाली होता. तेव्हा घरच्या माणसांनी आपापल्या खोल्या ठरवल्या, आणि सगळ्यात शेवटी सुगलाबाईंनी सांगितलं होतं, मला स्टोअरचा कोपरा चालेल. सव्विसाव्या वर्षी नवरा गेल्यावर एक ट्रंक घेऊन त्या भावाकडे आल्या होत्या. राहणाऱ्यानं सगळ्यात शेवटी बोलावं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. हे घर झाल्यापासून रोज पहाटे अंघोळ करून, तोंडात पाण्याचा थेंबही न घालता, त्या स्टोअरमध्ये पूर्वेच्या भिंतीकडे तोंड करून पाटावर बसत. कपाळाला भस्म लावत. गळ्यातल्या चांदीच्या करडगीतून इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेत. पाणी घालत, बेल वाहत, आणि मग कितीतरी वेळ नुसतं बघत राहत.

त्या भिंतीच्या पलीकडे आता ते अधांतरी कमोड होतं.

"अक्का, मी वर सोलर बघून येतो गं," शिवयोगी जाता जाता म्हणाला आणि जिन्याकडे वळला. सुगलाबाईंचा हात लसणावर थांबला. त्याला काहीतरी सांगून थांबवावं असं त्यांच्या मनात आलं, पण काय सांगावं हे सुचेपर्यंत त्याच्या चपला वरच्या पायऱ्यांवर वाजत होत्या.

तो खाली आला तेव्हा त्याच्या एका हातात पाट होता. दुसऱ्या हातात भस्माची डबी, तांब्या, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला बेल. त्यानं ते सगळं सोनालीच्या लांब कपाटावर, मातीच्या भांड्याशेजारी ठेवलं.

"हे वर गच्चीत, जिन्याच्या टोपीखाली होतं," तो म्हणाला. आता तो ओरडत नव्हता, आणि त्यामुळेच सगळे त्याच्याकडे बघू लागले. "पाण्याच्या टाकीच्या कडेला. अक्काचा पाट. कुणी टाकला तिथं?"

महानंदानं मडिवाळप्पांकडे पाहिलं. मडिवाळप्पांनी सोनालीकडे.

"मी नाही, काका," सोनाली म्हणाली.

"मग पाट चालत गेला का? नव्या घरात जुना पाट बरा दिसंना म्हणून वर पाठवला, असंच ना? फोटोवाले यायचेत म्हणून?"

"काका, जरा नीट बोला," विरेश म्हणाला.

"तू गप रे. वैनी, तुमच्या डोळ्यांदेखत झालं हे? सेहेचाळीस वर्षं ही बाई घरच्यांसाठी राबली. तुमची बाळंतपणं काढली तिनं. आणि आता तिचा देव टाकीजवळ?"

महानंदाचा चेहरा लाल झाला. "मला ठाऊक असतं तर मी होऊ दिलं असतं का, भावजी? मी स्वयंपाकघरात असते. सोनाली, खरं सांग बाई."

सोनालीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. सासू इतका वेळ तिच्या शेजारी उभी होती, ती एक पाऊल सरकली. एकच पाऊल, पण सुगलाबाईंना ते दिसलं. बाथरूमच्या दारात चांदसाब उभा होता, हाताला पांढरं सिमेंट लागलेलं. तो कुणाकडेच बघत नव्हता, फक्त सुगलाबाईंकडे बघत होता.

मधली भिंत पाडली त्या दिवशी त्यानं स्टोअरच्या भिंतीकडे बोट करून त्यांना हळूच विचारलं होतं, "आत्याबाई, ही तुमच्या पाटाची भिंत न्हवं? पलीकडं कमोड येतंय. सूनबाईंना सांगू का?" आणि त्या म्हणाल्या होत्या, "नको. देव काय, सगळीकडं असतो. तू बोलू नकोस." त्यानं शब्द पाळला होता. आताही पाळत होता. पण त्या पोरीवर आळ येत होता, आणि तो त्यांच्या गप्प बसण्यानं येत होता.

सुगलाबाईंनी लसणाची ताटली बाजूला ठेवली. उठायला त्यांना दाराचा आधार घ्यावा लागला.

"शिवा, पाट मी नेला वर," त्या म्हणाल्या.

"तू कशाला नेशील?"

"मीच नेला. वीस दिवस झाले. हिला काही माहीत नाही. हिला कशाला बोलतोस?"

"पण का, अक्का?" मडिवाळप्पा म्हणाले.

सांगायला त्यांना लाज वाटली. चारचौघांत, जावयासमोर बोलावं तसं वाटलं. त्यांनी पदर सारखा केला. "माझ्या भिंतीच्या पलीकडं ते बसवलंय," त्या म्हणाल्या. "कमोड. बरोबर समोर. आठ दिवस मी बसले तरी. म्हटलं, मन घट्ट करावं. पण पहाटे कुणी आत गेलं की भिंतीत पाणी धो धो पडतं. एक दिवस हात हलला आणि बेल खाली पडला. मग नेला वर."

विरेशनं मान खाली घातली. पहाटे फिरायला जाण्याआधी आत जाणारा तोच होता.

सोनालीनं लांब कपाटाचा खण उघडला आणि नकाशाची गुंडाळी काढली. जेवणाच्या टेबलावर तो कागद पसरून तिनं बोट ठेवलं. "इथं मी स्टोअर लिहिलंय," ती म्हणाली. "देवघर कुठं आहे म्हणून मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. अप्पा म्हणाले, आपल्यात वेगळं देवघर नसतं, ज्याचा देव त्याच्या गळ्यात. मग मी विचारलंच नाही कोण कुठं बसतं ते. माझ्या माहेरी देवघर आहे, आत्या. मला कळलंच नाही."

"तुझं काय चुकलं?" मडिवाळप्पा म्हणाले. "मी सांगितलं ते खरंच आहे. आणि अक्का, राग मानू नको, पण तूही ऐक. दीक्षेच्या दिवशी स्वामींनी आपल्या तिघांना काय सांगितलं होतं? आपलं देऊळ तळहातावर. लिंग हातात घेतलं की पुढं भिंत आहे का बाजार आहे, बघायचंच नाही. मी बेडरूममध्ये स्टुलावर बसून करतो. ही गॅसच्या ओट्याशी उभ्यानं करते. पलीकडं काय आहे म्हणून आमचं अडलं का?"

"असं बोलू नका हो," महानंदा म्हणाली.

"का? खोटं आहे का?"

"खोटं नाही. पण बोलू नका." महानंदा सुगलाबाईंकडे वळली. तिचा राग आता दुसरीकडे गेला होता. "आणि अक्का, तुम्ही मला का नाही सांगितलंत? चाळीस वर्षं एका चुलीशी आहोत. माझ्या सासूला न सांगितलेलं मी तुम्हाला सांगितलंय."

"तुला सांगितलं असतं तर तू सुनेशी भांडली असतीस."

"असते की."

"मग?"

महानंदानं नाक पुसलं आणि जाऊन सोनालीच्या शेजारी उभी राहिली.

शिवयोगी एवढा वेळ पाटाकडे बघत होता. मघाचा आळ चुकीचा ठरल्यानं त्याला आता काहीतरी मोठं करून दाखवायचं होतं. "एवढं सगळं कशाला? अक्का, चल माझ्याकडं बार्शीला," तो म्हणाला. "आजच चल. संध्याकाळच्या गाडीनं."

सुगलाबाईंनी त्याच्याकडे मायेनं पाहिलं. त्या त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठ्या होत्या, आणि लहानपणी त्याला कडेवर घेऊन त्यांची कंबर एका बाजूला कलली होती.

"कुठल्या खोलीत बसवशील मला?" त्यांनी विचारलं.

"खोली म्हणजे... पुढच्या खोलीत पोरांचा क्लास चालतो. मधल्या खोलीत पोती असतात, सीझन हाय म्हणून. बघू की. करू काहीतरी."

"बघ हं निवांत," सुगलाबाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, तरी शिवयोगी कानकोंडा झाला. आणि नकळत त्याच नव्या खुर्चीत बसला. खुर्चीनं कुरकूर केली नाही.

"उद्या तोडू या," सोनाली एकदम म्हणाली. "चांदसाबचाचा, कमोड समोरच्या भिंतीला घेता येईल ना? खिडकीखाली?"

"घेता येईल," चांदसाब म्हणाला. "पण ताई, आधी ऐका. टाकी काढायची म्हणजे ही भिंत पुरी फोडायची. खालची मोझॅक उकरायची, पाइपाला उतार नवा द्यायचा. टाइला शिल्लक सात. पुन्हा मागवल्या तर रंग जरासा वेगळा येतो. महिनाभर बाथरूम बंद."

"बुधवारी फोटो आहेत, सोना," विरेश हळूच म्हणाला.

"फोटो राहू देत."

"राहू देत काय? तीन महिने तू यासाठी—"

"विरेश, आत्या वर पाण्याच्या टाकीजवळ बसून पूजा करतायत. वीस दिवस. आपण खाली झोपलेलो."

मडिवाळप्पांच्या कपाळावर आठी होती. तळहातावरच्या देवळाचं त्यांचं बोलणं कुणी खोडलं नव्हतं, आणि कुणी ऐकलंही नव्हतं.

"काही तोडायचं नाही," सुगलाबाई म्हणाल्या.

"आत्या, तुम्ही आता मध्ये—"

"मला बोलू दे." हे त्या इतक्या हळू म्हणाल्या की सोनालीला पुढे वाकावं लागलं. "ते बाथरूम तोडू नका. मला ते आवडतं."

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"पूर्वी न्हाणीत दगडावर बसायचं आणि उठताना नळाला धरायचं. गुडघे असे कळा मारायचे की स्तोत्र म्हणता म्हणता मध्येच 'आई गं' यायचं. आता तू तिथं बसायला फळी केलीस, धरायला दांडी लावलीस. वरून कोमट पाणी पडतं ते नुसतं पडत राहतं. पहिल्या दिवशी मी इतका वेळ उभी राहिले की मला वाटलं, या वयात देहाला एवढं सुख द्यावं का. स्वामींना विचारावं, असंसुद्धा मनात आलं." त्या थोड्या हसल्या. "म्हणून तर बोलले नाही. बोलले असते तर तू तोडलं असतंस. मला माहीत होतं, तू तोडशील."

सोनालीनं तोंडावर हात धरला. तिला रडावं की हसावं कळत नव्हतं.

"आणि मडिवाळा, तुझं बोलणं खरं आहे," सुगलाबाई भावाकडे वळल्या. "वर टाकीजवळ बसून मी तेच मनाला सांगत होते. देवाला जागा लागत नाही. पण मला लागते. माझी अशी. तुमच्याकडं बेडरूम आहे, ओटा आहे, त्या जागा तुमच्याच आहेत, म्हणून तुम्ही कुठंही बसलात तरी चालतं. मला ते सुचलंच नाही इतकी वर्षं. स्टोअरमध्ये तांदळाच्या पोत्याशेजारी बसायचे, आणि पोतं मोठं आलं की मी सरकायचे."

मडिवाळप्पांची आठी हळूहळू गेली. ते उठून उभे राहिले. थोरली बहीण उभी आहे आणि आपण बसलोय, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं होतं.

"अक्का, तूच सांग," ते म्हणाले. "कुठं पाहिजे? आमची बेडरूम घे. आम्ही वर जातो."

"एवढी मोठी मला काय करायची? झाडता झाडता दिवस जाईल."

"मग?"

सुगलाबाईंची नजर खिडकीकडे गेली. पूर्वेची खिडकी. तिच्यापुढे मोहरीच्या गादीची आरामखुर्ची, शेजारी उंच दांडीचा दिवा. या सगळ्या हॉलमध्ये सोनालीनं ती जागा सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जपून सजवली होती. फोटोवाल्यांना पहिला फोटो तिथलाच हवा होता. सुगलाबाईंनी नजर लगेच खाली घेतली, पण सोनाली घरं बघायला शिकली होती. माणूस कुठं बघतो हे तिला आज पहिल्यांदा बघावं लागत होतं, आणि तिनं ते बघितलं.

ती खिडकीकडे गेली. दिवा उचलून तिनं विरेशच्या हातात दिला. मग खुर्ची ओढली.

"अगं, राहू दे," सुगलाबाई म्हणाल्या. "चार लोक येतात-जातात. हॉलमध्ये बरं दिसतं का?"

"पूजेला तुम्ही किती वाजता बसता?"

"साडेपाचला."

"साडेपाचला कोण येतंय आपल्याकडं, आत्या? आणि आलंच तर थांबेल." सोनालीनं कमरेला लावलेली मापाची फीत काढली. "इथं कायमचं करून देते. खाली लाकडी बैठक, चार बोटं उंच, म्हणजे गुडघ्याला त्रास नाही. बेलाला, तांब्याला कडेला फळी. उठायला दांडी. बैठक कुणी उचलायची नाही, कुणी वर सामान ठेवायचं नाही. मला फक्त माप द्या. बसून दाखवाल?"

"आत्ता?"

"आत्ता."

महानंदानं पुढे येऊन त्यांचा हात धरला. सुगलाबाई फरशीवर बसल्या. सकाळच्या उन्हानं फरशी अजून कोमट होती. समोर भिंत नव्हती, काच होती, आणि काचेपलीकडं शेजारच्या अंगणातलं लिंबाचं झाड. पाचसहा माणसं भोवती उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. त्यांना अवघडल्यासारखं झालं. पाय आखडून, कोपर अंगाशी घेऊन, त्या नेहमी बसत तशा बसल्या.

सोनालीनं फीत लावली. "रुंदी दोन फूट. खोली सव्वादोन." तिनं पुन्हा मोजलं. "एवढीच?"

सुगलाबाईंनी डावा हात वर केला आणि तळहात उघडून छातीपुढे धरला, लिंग घेतल्यासारखा. मग तो हात थोडा पुढे नेला. आणखी थोडा. वीस दिवस जिन्याच्या टोपीखाली आणि चाळीस वर्षं स्टोअरमध्ये त्यांचं कोपर कधी सरळ झालं नव्हतं.

"हात असा केल्यावर घे," त्या म्हणाल्या.

"तीन फूट. पुरे का, आत्या?"

जेवताना, साडी घेताना, घर बांधताना, त्यांना जेव्हा जेव्हा हे कुणी विचारलं होतं तेव्हा त्यांनी एकच उत्तर दिलं होतं. तेच आताही ओठांवर आलं होतं. शिवयोगी खुर्चीतून पुढे झुकला होता. मडिवाळप्पा वाट बघत उभे होते.

सुगलाबाईंनी आखडलेले पाय सैल सोडले.

"नाही," त्या म्हणाल्या. "अजून एक फूट घे."

सोनालीनं फीत पुढे सरकवली.